डिस्क एरर देतेय? आधी कोण बोलतंय ते ओळखा, मग कॉपी, दुरुस्ती सगळ्यात शेवटी

डिस्क एरर द्यायला लागली की कुणी लगेच चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) लावतं, कुणी दुकानात नेतं आणि तिथला माणूस म्हणतो फॉरमॅट मारू, आणि कुणी "रीस्टार्ट केलं की चालतंय ना" म्हणून तसंच ढकलत राहतं. तिन्हीकडे चूक एकच, कामाचा क्रम उलटा. शिवाय निम्मे लोक चांगली डिस्क फेकून देतात आणि खराब केबल नव्या डिस्कला लावून बसतात, मग महिन्याभरात नवी डिस्क पण "खराब" निघते. म्हणून हे नीट क्रमाने लिहितोय. विंडोजवाल्यांसाठी जास्त आहे, लिनक्सचं जिथे लागेल तिथे.

१. आधी हात थांबवा

एरर दिसली की त्या डिस्कवर लिहिणं बंद. नवीन फाईल नाही, सॉफ्टवेअर इन्स्टॉल नाही, डीफ्रॅग (फाईलींचे तुकडे हलवून परत मांडणं) तर अजिबात नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून त्याच डिस्कवर टाकणारे लोक आहेत, आणि जी डिलीट झालेली फाईल परत हवी असते तिच्याच जागेवर ते सॉफ्टवेअर जाऊन बसतं.

विंडोज स्वतःहून काही प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं पाठ करून ठेवा. "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा" असं आलं तर कॅन्सल. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर "इनिशियलाइज" विचारलं तर कॅन्सल. "स्कॅन अँड फिक्स" आलं तर बंद करा. चालू होताना स्वतःच डिस्क तपासायला लागला तर काही सेकंद मिळतात, तेवढ्यात कुठलंही बटण दाबून ते टाळा.

हाताशी काय लागेल: खराब डिस्कएवढी किंवा मोठी दुसरी डिस्क, एक नवी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी डेटाची केबल), उबंटूसारखं लिनक्स टाकलेला पेन ड्राइव्ह, आणि वही. वही खरंच लागते, कारण पुढे आकडे आधी किती होते आणि नंतर किती झाले यावरच सगळं ठरतं.

अजून एक, विंडोज १० किंवा ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप बिटलॉकरने एन्क्रिप्ट झालेली असते, म्हणजे डेटाला कुलूप लागलेलं असतं, आणि मालकाला पत्ताच नसतो. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का ते आत्ताच बघा, लिहून घ्या. ती नसेल तर काढलेली कॉपी नुसता कचरा आहे.

इशारा: हार्ड डिस्कमधून टक टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल किंवा फिरायला लागून परत बंद पडत असेल तर इथेच थांबा, पॉवर काढा. डेटा महत्त्वाचा असेल तर सरळ रिकव्हरी लॅब गाठा, प्रत्येक वेळी चालू करून बघताना प्लॅटरवर (आतल्या फिरत्या चकतीवर) अजून ओरखडे जाऊ शकतात. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर सोडून द्या, आत दव धरतं.

२. मेसेज कोणाचा आहे ते बघा

कॉम्प्युटर डिस्कला सांगतो अमुक नंबरच्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) एवढं वाचून दे. डिस्क वाचते, स्वतःच्या एररकरेक्शन कोडने तपासते, नाही जमलं तर परत परत प्रयत्न करते, आणि शेवटी झालं किंवा नाही झालं आणि का नाही झालं त्याचा कोड परत पाठवते. वाटेत केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला (डेटाच्या गठ्ठ्याला) वेगळा ३२ बिटचा सीआरसी, म्हणजे सायक्लिक रिडंडन्सी चेक, हा तपासणीचा आकडा असतो, तो जुळला नाही तर ती फ्रेम खराब धरली जाते आणि काम परत करावं लागतं. म्हणजे कुरिअरसारखं आहे, माल गोदामातच फुटका होता का वाटेत फुटला हे दोन वेगळे रिपोर्ट असतात, आणि तुम्हाला स्क्रीनवर दोन्ही वेळेला फक्त "एरर" दिसतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारा मेसेज. विंडोजमध्ये फाईल कॉपी करताना "डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक" असं येतं. नावात सीआरसी आहे म्हणून लोक केबल बदलत बसतात. पण हा मेसेज बहुतेक वेळा डिस्कने "मला हा सेक्टर वाचता येत नाहीये" म्हटलं की येतो, म्हणजे खराबी मीडियात, डेटा जिथे साठतो तिथेच. केबलवरचा सीआरसी चुकला तर ते काम मागच्या मागे परत केलं जातं, तुम्हाला फक्त मशीन अडखळल्यासारखं वाटतं. त्याच्याउलट "सेमाफोर टाइमआउट" म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही, यात डिस्क, केबल, यूएसबीची पॉवर, काहीही असू शकतं.

मग खरं कुठे कळतं? इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टम, आणि तिथे सोर्स आणि आयडी बघा.

डिस्क सोर्सचा ७ नंबर म्हणजे बॅड ब्लॉक, हे डिस्क स्वतः सांगतेय. ११ म्हणजे कंट्रोलर एरर, इथे केबल, पोर्ट, पॉवर यांच्यावर आधी संशय. १५३ म्हणजे काम परत करून बघावं लागलं, एखाददुसरा असेल तर घाबरू नका, रांग लागली असेल तर बघायला हवं. १२९ म्हणजे डिस्क गप्प बसली म्हणून ड्रायव्हरने रीसेट मारला, हा साटा आणि एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी) दोन्हीकडे दिसतो. ५१ हा पेजिंगच्या (रॅम आणि डिस्कमध्ये डेटा नेण्या-आणण्याच्या) वेळेचा, आणि यूएसबी ड्राइव्ह इजेक्ट न करता उपटला तरी येतो, त्यामुळे नुसत्या ५१ वरून निकाल देऊ नका. एनटीएफएसचा (विंडोजच्या फाईल सिस्टमचा) ५५ म्हणजे फाईल सिस्टमची बांधणी बिघडलीये. तो परिणाम आहे, कारण त्याच्या आधीच्या नोंदीत शोधायचं.

लिनक्सवर डीमेसेज (सिस्टमचे मेसेज दाखवणारी कमांड) बघा, तिथे जास्त सरळ लिहिलेलं असतं. कंसात यूएनसी ही तीन अक्षरं दिसली तर सेक्टर वाचता आला नाही, दोष डिस्कचा. आयसीआरसी दिसलं तर दोष वाटेतला. "हार्ड रीसेटिंग लिंक" परत परत येतंय आणि लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर, मग १.५ वर उतरतोय, तर केबल किंवा कनेक्टरच धरा.

तपासा: मेसेजमधली डिस्क नक्की कुठली? विंडोजमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, हार्डडिस्क१ म्हणजे दुसरी डिस्क. डिस्क मॅनेजमेंटमधल्या नंबरशी आणि मॉडेलशी जुळवून घ्या. भलतीच डिस्क काढून दुकानात नेणारे कमी नाहीत.

३. स्मार्टचे आकडे वाचा, पण बरोबर वाचा

डिस्क मॅनेजमेंटमध्ये "हेल्दी" लिहिलंय म्हणून निवांत बसू नका, ते पार्टिशनबद्दल आहे, डिस्कच्या तब्येतीबद्दल नाही. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तिचा एकूण निकाल "पास" असला तरी त्याचा अर्थ एवढाच की कंपनीने ठरवलेली रेषा अजून ओलांडली नाही. गुगलच्या लोकांनी २००७ मध्ये लाखाच्या वर डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये तापमान सोडून स्मार्टच्या कुठल्याच आकड्यात काही दिसलं नव्हतं. म्हणजे स्मार्ट वाईट सांगत असेल तर ऐका, चांगलं सांगत असेल तर फार विश्वास ठेवू नका.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो पुरतं, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एक गंमत आहे, तो आयडी आणि रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) दोन्ही हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत दाखवतो. त्यामुळे रॉमध्ये १० दिसलं तर ते खरं १६ असतं. रॉ व्हॅल्यूज दहाच्या पद्धतीत दाखवायचा पर्याय फंक्शन मेन्यूमध्ये ॲडव्हान्स्ड फीचरखाली आहे, तो आधी चालू करा, आयडी मात्र हेक्समध्येच राहतात म्हणून दोन्ही देतोय.

आयडी ५, रीअलोकेटेड: इतके सेक्टर कायमचे बाद करून राखीव जागेत हलवले.
आयडी १८७, म्हणजे बीबी: डिस्कने "दुरुस्त नाही झालं" असं कॉम्प्युटरला किती वेळा कळवलं.
आयडी १९७, म्हणजे सी५, पेंडिंग: वाचता आले नाहीत, निकाल बाकी आहे असे सेक्टर.
आयडी १९८, म्हणजे सी६: ऑफलाइन तपासणीत न वाचता आलेले.
आयडी १९९, म्हणजे सी७: केबलवरच्या सीआरसी चुका.

१९९ बद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा आकडा डिस्कचा आजार सांगत नाही, रस्त्याचा सांगतो. आणि तो कधीच शून्यावर येत नाही, केबल बदलली तरी जुना आकडा तसाच राहतो, फक्त वाढायचा थांबतो. म्हणून आजचा आकडा वहीत लिहा. केबल बदलून "अजून ३४०च दाखवतोय" म्हणून डिस्क विकून टाकणारे असतात, अहो वाढतोय का ते बघा.

पेंडिंगचं पण तसंच. ज्या डिस्कचा आतला सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर ५१२ चा दाखवते, तिच्यात एक आतला सेक्टर गेला की आकडा एकदम ८ ने वाढलेला दिसू शकतो. ८ किंवा १६ बघून डिस्क संपली असं नसतं. लिहिताना मध्येच वीज गेली तर अर्धवट लिहिलेला सेक्टर पण पेंडिंगमध्ये जाऊ शकतो, इन्व्हर्टर नसलेल्या गावाकडच्या पीसीत ही शक्यता आधी धरा.

सीगेटच्या डिस्कमध्ये आयडी १ आणि ७ चे रॉ आकडे कोटींमध्ये दिसतात, ते त्यांच्या कोडिंगमुळे, त्यावर डोकं खपवू नका.

एनव्हीएमईमध्ये हे आयडी नसतात. तिथे क्रिटिकल वॉर्निंग शून्य आहे का, शिल्लक राखीव जागा किती, आणि मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स किती, एवढं बघा. एरर लॉगमधल्या नोंदींची संख्या मोठी असेल तर लगेच घाबरू नका, ड्राइव्हला न कळणारी कमांड सिस्टमने पाठवली तरी ती वाढते. पर्सेंटेज यूज्ड १०० च्या वर जाऊ शकतं, तो झिजेचा अंदाज आहे, त्या दिवशी ड्राइव्ह बंद पडते असं नाही.

इशारा: यूएसबी केसमधल्या डिस्कचे स्मार्ट आकडे दिसत नसतील तर लगेच डिस्कला दोष देऊ नका, बऱ्याच केसमधली ब्रिज चिप ही कमांड पुढे पाठवतच नाही. डिस्क काढून सरळ साटाला लावून बघा.

४. डेटा बाहेर काढा

इथे एक फाटा आहे. फक्त १९९ वाढतोय आणि ५, १८७, १९७ शून्यावर आहेत, तर आधी मशीन बंद करून केबल बदला आणि मग कॉपी करा, खराब केबलवरून कॉपी करण्यात काही अर्थ नाही. बाकी सगळ्या वेळी आहे त्या स्थितीत आधी कॉपी.

पेंडिंग थोडेच आहेत आणि डिस्क बऱ्यापैकी वाचतेय तर सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी. टॅलीचा डेटा, घराची कागदपत्रं, मग लग्नाचे फोटो. सिनेमे शेवटी, कारण डिस्क किती वेळ टिकेल सांगता येत नाही आणि लोक नेमके सी ड्राइव्ह पूर्ण ओढायला लावून झोपतात. एक्सप्लोररने ओढाल तर एका खराब फाईलवर तो अडकून बसतो. विंडोजची रोबोकॉपी ही कमांड वापरा, पण त्याला आर आणि डब्ल्यू हे पर्याय देऊन रीट्राय १ आणि थांबायचा वेळ १ सेकंद सांगा. न सांगितलं तर तो प्रत्येक अडलेल्या फाईलवर १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. एकाच फाईलवर सगळी रात्र जाते.

डिस्क जास्त अडखळत असेल तर फाईल-फाईल करू नका, पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी नक्कल) काढा. याला जीएनयू डीडीरेस्क्यू, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून. तो चांगला भाग आधी वाचून घेतो, खराब जागा मागे ठेवतो आणि काय झालं काय राहिलं ते मॅपफाईलमध्ये लिहितो, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू होतं. पहिली फेरी डॅश एन देऊन, म्हणजे खराब जागा खरवडत बसणार नाही. ती पूर्ण झाल्यावर दुसरी फेरी डॅश डी आणि डॅश आर ३ देऊन.

क्रम असा: सोर्स, मग डेस्टिनेशन, मग मॅपफाईल. सोर्स डेस्टिनेशन उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते आणि ते परत आणता येत नाही. एंटर दाबायच्या आधी एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी दाखवणारी लिनक्सची कमांड) साइज आणि मॉडेल नंबर दोन्ही बघा, नुसतं एसडीए एसडीबीवर जाऊ नका, रीस्टार्टनंतर ती नावं बदलू शकतात. मॅपफाईल पेन ड्राइव्हच्या लाइव्ह डेस्कटॉपवर ठेवू नका, ती रॅममध्ये असते, बंद केलं की गेली. आणि इमेज जिथे ठेवताय ती डिस्क फॅट३२ नको, तिथे एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही.

तपासा: कॉपी झाली म्हणजे फाईली उघडून बघितल्या. फोल्डरची साइज जुळली एवढ्यावर खराब डिस्क बाजूला ठेवू नका, चार फोटो, दोन एक्सेल, एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. क्लोन केला असेल तर मूळ आणि क्लोन एकाच वेळी विंडोजला जोडू नका, दोघांची सही सारखी असल्यामुळे तो एकाला ऑफलाइन टाकतो आणि मग लोक पुन्हा "इनिशियलाइज" दाबतात.

५. आता रस्ता तपासा

डेटा बाहेर आला, आता निवांत. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, पोर्ट आणि पॉवरचा कनेक्टर एकदम बदललात तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही, आणि खराब केबल ड्रॉवरमध्ये जाऊन पुढच्या वर्षी परत बाहेर येईल. खराब निघाली की कापूनच टाका.

आधी साटा केबल. मग दुसरा पोर्ट. मग पॉवर, आणि पॉवरला स्प्लिटर किंवा मोलेक्सचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो काढून सरळ एसएमपीएसची वायर लावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यानंतर जुन्या कनेक्टरच्या पट्ट्या काळपट झालेल्या दिसल्या तर तेही बघा. प्रत्येक बदलानंतर २० ते ३० जीबीची कॉपी करा आणि १९९ वहीतल्या आकड्याशी ताडा.

यूएसबी डिस्क असेल तर हब बाजूला, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा, समोरचे पोर्ट आतून लांब वायरवर असतात. केबल आखूड घ्या. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लागतो आणि तो म्हातारा झाला की डिस्क मध्येच गायब होते, स्मार्ट सगळं स्वच्छ. अशा वेळी डिस्कला शिव्या देण्याआधी ॲडॅप्टर बदलून बघा.

स्मार्ट स्वच्छ, १९९ स्थिर, इव्हेंटमध्ये ७ किंवा ११ नाही, तरी झिप फाईली उघडत नाहीत आणि ५५ येतोय? मग रॅम तपासा, मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. केबलवरचा सीआरसी रॅममध्येच बिघडलेला डेटा पकडू शकत नाही, त्याच्या दृष्टीने तो डेटा बरोबरच असतो.

६. सेल्फ टेस्ट

जीस्मार्टकंट्रोल विंडोजवरही चालतो, त्यातून आधी शॉर्ट टेस्ट, साधारण दोन मिनिटं, मग एक्स्टेंडेड, ती मोठ्या हार्ड डिस्कला कित्येक तास घेते. ही टेस्ट डिस्क स्वतःच्या आत करते, केबलवरून डेटा जातच नाही. म्हणून तिचा निकाल फार कामाचा आहे, टेस्ट "रीड फेल्युअर" म्हणाली तर केबलचा काही संबंध नाही, आणि पहिला खराब सेक्टर कुठला ते पण लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

इशारा: टेस्ट चालू असताना लॅपटॉप स्लीपमध्ये गेला किंवा यूएसबी केसने डिस्क झोपवली तर टेस्ट अर्धवट राहते आणि "अबॉर्टेड" दिसतं. त्याला फेल समजू नका. स्लीप बंद करून परत लावा.

७. दुरुस्ती, आता कुठे

चेकडिस्क हे फाईल सिस्टम नीट करायचं साधन आहे, डिस्क बरी करायचं नाही. स्लॅश एफ बांधणी दुरुस्त करतो, स्लॅश आर त्याशिवाय पूर्ण डिस्क वाचून खराब जागा शोधतो. मरायला टेकलेल्या डिस्कवर स्लॅश आर लावला की ती प्रत्येक खराब सेक्टरवर झगडत बसते, आणि वर चेकडिस्क ज्या फाईलींचा धागा लागत नाही त्यांचे तुकडे करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. म्हणून तो मूळ डिस्कवर कॉपीच्या आधी कधीच नाही. इमेज काढली असेल तर इमेजची अजून एक प्रत करून तिच्यावर लावा.

पेंडिंग सेक्टरचा निकाल लावायचा तर त्या जागी लिहावं लागतं. डेटा दुसरीकडे सुरक्षित आहे याची खात्री झाल्यावर हार्ड डिस्क पूर्ण फॉरमॅट करा, क्विकची खूण काढून. विंडोज तेव्हा सगळीकडे शून्य लिहितो. लिहिताना डिस्क ठरवते, जागा ठीक असेल तर पेंडिंगमधून काढते, नसेल तर बाद करून ५ नंबरात टाकते. एसएसडीला हे करू नका, उगाच झीज, तिथे कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा.

८. ठेवायची का टाकायची

पेंडिंग शून्यावर आला, ५ हलला नाही, एक्स्टेंडेड टेस्ट पास. वीज गेल्यामुळे झालेलं असणार, ठेवा, पण एकमेव प्रत तिच्यावर नको. एका आठवड्याने आकडे परत बघा.

५ किंवा १८७ दर आठवड्याला वाढतोय, मग आकडा कितीही लहान असो, ती डिस्क कामातून काढा. ५ बरीच वर्षं एका जागी थांबलेला असेल तर मला तेवढी भीती वाटत नाही. फक्त १९९ होता आणि केबलनंतर थांबला, तर डिस्क निर्दोष. एनव्हीएमईची क्रिटिकल वॉर्निंग शून्य नाही, किंवा ड्राइव्ह रीड ओन्ली झाली, तर डेटा काढा आणि बदला, तिथे दुरुस्ती नसते.

नासमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीत) साधी डेस्कटॉप डिस्क वारंवार बाहेर फेकली जातेय आणि स्मार्टमध्ये फार काही नाही, अशी तक्रार असेल तर वेळेचं गणित बघा. नासच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून एरर कळवतात, डेस्कटॉपच्या डिस्क मिनिटभर पण झगडू शकतात, आणि लिनक्स डीफॉल्टला ३० सेकंदच वाट बघतो. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क मेली असं धरलं जातं.

वॉरंटीत द्यायची असेल तर बिलावरचा आणि डिस्कवरचा सीरियल नंबर जुळवा, स्मार्टच्या आकड्यांचा आणि सेल्फ टेस्ट लॉगचा फोटो काढून ठेवा, डिस्क अजून चालत असेल तर आधी पुसून टाका. बदली डिस्क मिळते, तुमची डिस्क आणि तिच्यावरचा डेटा परत मिळत नाही. वरचं स्टिकर सोलू नका आणि स्क्रूला हात लावू नका, नाहीतर काउंटरवरूनच परत पाठवतील.